तोकुजिरो इमादांचं ‘नको’

डेल्मोरमध्ये तोकुजिरो इमादांनी एखादी गोष्ट पहिल्याच विचारण्यात घेतली, असं पाहिलेला माणूस जिवंत नाही. मेलेल्यांतही नसावा. चहा विचारला की नको. दुसऱ्यांदा विचारला की छे छे, आत्ताच घेऊन निघालो. तिसऱ्यांदा विचारला की मान किंचित खाली घालून, “आता तुम्ही एवढं म्हणताच आहात तर...” आणि मग दोन कप.

तशी ही रीत गावातल्या सगळ्याच जपानी घरांत होती. बुद्धमंदिरात जेवण असलं की ताटातला सुशीचा शेवटचा तुकडा कोणीच उचलत नसे. तुम्ही घ्या, नाही तुम्ही घ्या, असं करत करत भांडी घासायची वेळ व्हायची आणि तो तुकडा कागदात गुंडाळून कोणाच्या तरी घरी जायचा. त्या घरातही तो तसाच पडून राहायचा. पण बाकीचे लोक अनमान करत, आणि तोकुजिरो अनमानात राहत. एकदा पोटात कळा येऊन ते वाकडे झाले, तेव्हा इस्पितळातल्या डॉक्टरने विचारलं, फार दुखतंय का? तोकुजिरो म्हणाले, तसं फार नाही. डॉक्टर गावात नवा होता. त्याने विश्वास ठेवला. अपेंडिक्स इस्पितळाच्या आवारातच, गाडीपर्यंत पोचता पोचता फुटलं. शुद्धीवर आल्यावर तोकुजिरोंनी पहिलं काम केलं ते डॉक्टरची माफी मागायचं. सुट्टीच्या दिवशी त्रास दिला म्हणून.

फ्रेस्नोच्या बाजूला त्यांची द्राक्षबाग होती, बेदाण्याची. आता मालकीची. बेचाळीस साली खंडाने घेतलेली होती. जपानशी युद्ध पेटलं म्हणून त्या वर्षी अमेरिकेच्या सरकारने पश्चिम किनाऱ्यावरच्या सगळ्या जपानी लोकांना उचलून छावण्यांत टाकायचं ठरवलं आणि तसे कागद पोस्टाजवळच्या खांबांवर चिकटवले. येता का, असं कोणी विचारलंच नाही, त्यामुळे तोकुजिरोंना नको म्हणायची संधी मिळाली नाही. ट्रक विकत घ्यायला एक गोरा माणूस आला. किती द्यायचे म्हणाला. तोकुजिरो म्हणाले, तुमच्या मनाला येईल ते द्या. त्या माणसाच्या मनाला फारच थोडं आलं. निघायच्या दिवशी पहाटे उठून त्यांनी सगळ्या वेलींवर गंधकाची धुरळणी केली, का, तर भुरीचा रोग पडला असता. बाग आता कोण खाणार हे गावाला माहीत होतं, त्यांनाही होतं. पण वेलींना काय माहीत?

पुढचं त्यांची बायको शिगेनो सांगते. ती त्यांच्याहून पुष्कळ लहान, अमेरिकेतच जन्मलेली, आणि तोंडाने तिखट. मुलगी झाल्यापासून ती नवऱ्याला पापाच म्हणते. ती म्हणते, “आधी आम्हाला जत्रेच्या मैदानातल्या तबेल्यात ठेवलं. शेणाचा वास, भिंतीला घोड्याचे केस. नवं लग्न झालेलं आमचं. मी रडतेय, आणि पापा काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, या घोड्याला कुठे हलवलं असेल? आपल्यापायी बिचाऱ्याची गैरसोय झाली.”

तबेल्यातून आगगाडीने आर्कान्सासच्या दलदलीत. तिथे साप होते, चिखल होता आणि जेवणाची लांब रांग होती. रांगेत तोकुजिरो मागच्यांना पुढे सोडत, त्यामुळे ते शेवटीच जेवत. मुलगी लिली तिथेच झाली. आता ती सिअ‍ॅटलला असते. छावणीत असलेल्या प्रत्येक जिवंत माणसाला सरकार माफीचं पत्र आणि वीस हजार डॉलर देणार, असा कायदा चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी झाला तेव्हा तिचंही नाव त्यात निघालं. ती फोनवर म्हणाली, “मला कसले देतात? मी तर तिथे नुसती झोपून होते.”

कायदा होईपर्यंत निम्मी माणसं मातीत गेली होती. उरलेल्यांत सगळ्यांत म्हाताऱ्यांना आधी, असा क्रम होता. अर्ज करायचा नव्हता. नावं सरकारनेच शोधून काढली होती. माणसाने समोर जाऊन मीच तो, एवढंच म्हणायचं. म्हणून त्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनच्या ऑफिसातून एक बाई डेल्मोरला आल्या आणि मंगळवारी मंदिराच्या हॉलमध्ये टेबल टाकून बसल्या. मिसेस ओडेल पिकेट. काळ्या, पन्नाशीच्या, अंगाने भरलेल्या, चष्मा साखळीला बांधलेला. मंदिराच्या महिला मंडळाने त्यांच्यासाठी जेवण मांडलं होतं. त्यांनी ते हात जोडल्यासारखं करून बाजूला सारलं आणि पर्समधून स्वतःचं सँडविच काढलं. महिला मंडळ तेव्हापासून जरा रुसलेलंच होतं.

बाकीचे म्हातारे नातवंडांना घेऊन आले होते. म्हातारा नको म्हणायला तोंड उघडायचा, की नात म्हणायची, “आजोबा, गप्प. सही करा.” त्यामुळे सगळ्यांची अब्रूही राहत होती आणि कामही होत होतं. तोकुजिरो एकटे आले होते.

“मिस्टर इमादा?”

“हो.”

“आर्कान्सासच्या छावणीत होता तुम्ही?”

“होतो. मागच्या बाजूला.”

“सरकार तुमची माफी मागतंय, मिस्टर इमादा. आणि त्याबरोबर ही रक्कम देतंय. तुम्ही स्वीकारता का?”

तोकुजिरोंनी हात हलवला. “नको, नको. माझ्यापेक्षा जास्त सोसलेले लोक आहेत. त्यांना द्या.”

आणि नजर खाली घालून ते दुसऱ्या विचारण्याची वाट पाहू लागले. दुसरा नकार ते घरूनच तयार करून आले होते. पहिल्यापेक्षा तो बरा होता.

“ठीक आहे,” पिकेटबाई म्हणाल्या.

तोकुजिरोंनी नजर वर केली.

“तुमचा निर्णय आहे,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी फाइलमधून एक कागद काढला. “फक्त नकार लेखी लागतो. आणि नीट ऐका, एकदा सही केलीत की कायमचं. नंतर मन बदललं तरी कायद्याने देता येणार नाही. घरी घेऊन जा, विचार करा. शनिवारी मी तुमच्याकडून कागद नेईन, रविवारी माझं विमान आहे. मला कोणालाही आग्रह करायची परवानगी नाही.”

शेजारी कुवामोतोबाई चहाची किटली घेऊन उभ्या होत्या. या महिला मंडळाच्या अध्यक्षा, आणि गावातली कुठलीही बातमी त्यांच्याकडून गेल्याशिवाय पुढे जात नाही. त्या वाकल्या आणि म्हणाल्या, “मॅडम, ह्यांचं नको म्हणजे...”

“म्हणजे?”

कुवामोतोबाईंचं तोंड उघडंच राहिलं. तोकुजिरो त्यांच्याकडे बघत होते. पैसे मागणारा माणूस एक वेळ परवडला. पण मला आग्रह करा हो, असं मागणं हे उघड्यावर आंघोळ करण्यापैकी होतं. आणि दुसऱ्याच्या वतीने ते मागणं म्हणजे त्याचे कपडे ओढण्यापैकी.

“म्हणजे... नको,” कुवामोतोबाई म्हणाल्या, आणि चहा बशीत ओतला.

तोकुजिरो घरी पोचायच्या आत फोन पोचला होता. शिगेनो दारातच उभी.

“पापा, नको म्हणालात?”

“एकदाच म्हणालो.”

“मग?”

“मग ती ठीक आहे म्हणाली.” अपघाताची बातमी सांगावी तसं त्यांनी सांगितलं.

“अहो, सरकार आहे ते! सरकार कधी आग्रह करतं का?”

“बेचाळीस साली केला होता की,” तोकुजिरो बूट काढत म्हणाले. “बंदुका घेऊन.”

शिगेनोने हात पुढे केला. तिने कागद हातातून घेतला, वाचला, आणि जेवणाच्या टेबलावर ठेवला. वर सोया सॉसची बाटली ठेवली.

“नकोच असेल तर करा सही आणि संपवा.”

तोकुजिरोंनी सही केली नाही. केली नाही ही गोष्टही त्यांना डाचत होती. नको म्हणून बसलेल्या माणसाने नकोच्या कागदावर सही करायला मागेपुढे बघणं शोभत नाही. बुधवारी त्यांनी पेन घेतलं, त्याची शाई तपासली, चांगली होती, परत ठेवून दिलं. गुरुवारी बागेत जाऊन आले. घड गोड व्हायला लागले होते.

पैशांचं म्हणाल तर त्यांना पैशांची ददात नव्हती. बाग चालत होती, दात नवीन बसवलेले होते. त्यांचं दुखणं वेगळं होतं आणि ते त्यांनी शिगेनोलासुद्धा एकदाच सांगितलं, शुक्रवारी, भाताचा घास काड्यांत धरून. “मनापासून द्यायचं असतं तो माणूस एका ‘नको’ला उठून जातो का? जो उठतो, त्याला द्यायचंच नसतं. त्याला विचारून मोकळं व्हायचं असतं.”

“पापा, तिला काय माहीत आपली रीत?”

“तिचं चुकलं असं मी म्हणालो का?” तोकुजिरो म्हणाले. “माझंही चुकलं नाही. फक्त आता मला कळलं, एवढंच. सही करून टाकतो उद्या.”

शिगेनोने वाडगा खाली ठेवला. “माझी पाळी पुढच्या वर्षी येईल ना, तेव्हा मी पहिल्या झटक्यात हो म्हणणार आहे. तोंडातून प्रश्न पुरा व्हायच्या आत.”

तोकुजिरोंनी तिच्याकडे असं पाहिलं, की जणू ती मंदिरात पोहायचा पोशाख घालून जाणार आहे.

गावात तोपर्यंत दोन तट पडले होते. काहींचं म्हणणं, म्हाताऱ्याने पहिल्यांदा ताठ मान दाखवली, सरकारला तोंडावर नको म्हणाला, शाबास. दुसऱ्यांना खरं काय ते माहीत होतं. कुवामोतोबाई शुक्रवारी रात्री फोनवर कुजबुजल्या. कुजबुजल्या म्हणजे त्यांच्या हिशोबाने. “शिगेनो-सान, मी सकाळीच हॉटेलवर जाऊन बाईंच्या कानात सांगू का? की जरा दोनदा विचारा म्हणून?”

“सांगून केलेला आग्रह पापांना वासावरून कळतो,” शिगेनो म्हणाली. “आणि कळला की तिथल्या तिथे सही करतील. नका जाऊ.”

“मग काय करायचं?”

“मला काय माहीत? मी स्वयंपाक करते.”

शनिवारी दुपारी पिकेटबाई आल्या. ऊन मी म्हणत होतं. त्यांनी दारात बूट काढले, हे तोकुजिरोंनी पाहिलं. शिगेनोने बर्फावरच्या शेवया मांडल्या होत्या, काकडीचं लोणचं, आणि लाल घेवड्याच्या गोड पुरणात घोळवलेले भाताचे गोळे.

“नको मॅडम, खरंच नको,” पिकेटबाई म्हणाल्या. “ऑफिसचा नियम आहे. ज्यांचं काम आहे त्यांच्याकडचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही.”

“पाणी ठेवलेलंच नाही,” शिगेनो म्हणाली. “हे गोळे आहेत. लहान आहेत.”

“दिसतायत छान. पण नको. मंगळवारीही मी मंदिरात घेतलं नाही.”

“म्हणूनच म्हणते. सगळ्या गावाला वाटतंय आमचं जेवण तुम्हाला आवडलं नाही. कुवामोतोबाई दोन दिवस जेवल्या नाहीत.” हे साफ खोटं होतं. कुवामोतोबाई जेवण सोडायच्या आधी फोन सोडतील. “सकाळपासून घेवडा शिजवतेय मी. एक घ्या. नाहीतर माझ्याच्याने खाली बसवणार नाही.”

आणि ती खरंच ताट धरून उभी राहिली. ताट जड होतं. पिकेटबाईंनी ताटाकडे पाहिलं, शिगेनोच्या मनगटाकडे पाहिलं, आणि सुस्कारा सोडला.

“माझी आजी अशीच होती. आर्कान्सासची. तिच्या घरी पहिले दोन ‘नको’ कोणी मोजतच नसे. तिसऱ्यांदा नको म्हणालात, तर ती तुमच्या आईकडे तक्रार घेऊन जायची.” त्यांनी गोळा उचलला आणि अर्धा खाल्ला.

उरलेला अर्धा हातातच राहिला. चावता चावता त्या थांबल्या आणि हळूहळू मान वळवून त्यांनी तोकुजिरोंकडे पाहिलं. तोकुजिरो टेबलाच्या कडेकडे बघत होते.

“मिस्टर इमादा, मंगळवारी तुम्ही किती वेळा नको म्हणालात?”

“एकदा.”

“आणि मी काय म्हणाले?”

“तुम्ही ठीक आहे म्हणालात.”

पंखा फिरत होता. शिगेनो ताट घेऊन अजून उभीच. पिकेटबाईंनी उरलेला गोळा खाल्ला, बोटं रुमालाला नीट पुसली, आणि सोया सॉसच्या बाटलीखालून तो कागद ओढून घेतला. सहीची जागा कोरी होती.

“मला आग्रह करायची परवानगी नाही,” त्या म्हणाल्या.

“अर्थातच,” तोकुजिरो म्हणाले.

“पण माणसाला सगळं नीट कळलंय ना, याची खात्री करून घ्यायची मला सक्ती आहे. ती किती वेळा करायची, ते कुठे लिहिलेलं नाही. तर मी खात्री करते. तुम्हाला घरातून काढलं, तबेल्यात ठेवलं, कुंपणात ठेवलं. ते चूक होतं, असं सरकार म्हणतंय. माफी मागतंय, आणि हे देतंय. मिस्टर इमादा, घेता का?”

तोकुजिरोंनी घसा साफ केला. मंगळवारपासून पडून असलेला दुसरा नकार त्यांनी बाहेर काढला. “इतकी वर्षं झाली. आता सरकारला कशाला त्रास?”

चांगला उतरला. शिगेनोने ओठ दाबून धरले. पिकेटबाईंना आता निघायचं म्हटलं असतं तर निघता आलं असतं. नियमात बसेल एवढं त्यांनी केलं होतं. त्यांनी चष्मा काढला. तो साखळीवर लोंबत राहिला.

“माझी आजी तुमच्या त्या छावणीच्या बाहेरच कापूस वेचायची,” त्या म्हणाल्या. “तुमचे दिवे तिला दिसायचे. तिचा बाप विकत घेतलेला माणूस होता. पावती असायची अशा माणसांची. तिला लहानपणी कोणीतरी सांगितलं होतं की एक दिवस सरकारचा माणूस दाराशी येईल आणि म्हणेल, तुमचं देणं लागतो, घ्या. तेव्हा ती काय म्हणणार हे तिने ठरवून ठेवलं होतं. आधी नको म्हणणार. चांगलं ठणकावून. जन्मभर तिने ते ‘नको’ तयार ठेवलं, मिस्टर इमादा. शेवटपर्यंत ऐकायला कोणी आलं नाही.”

शिगेनोने ताट कमरेला टेकवलं.

“मी आता त्याच सरकारचा पगार घेते आणि दारोदार जाऊन विचारते. माझ्या लोकांच्या नव्हे, तुमच्या. तक्रार नाही, नोकरी चांगली आहे. पण विचारायचंच तर नीट विचारावं. नियम गेला खड्ड्यात.” त्यांनी दोन्ही तळवे टेबलावर ठेवले. “मिस्टर इमादा, घ्या. माझ्यासाठी घ्या. तुम्ही घेतल्याशिवाय मी उठणार नाही.”

तोकुजिरोंनी सोया सॉसची बाटली सरळ करून ठेवली. मग म्हणाले, “आजीबाईंचं नाव काय?”

“अर्मिंटा.”

“अर्मिंटा-सान दोनदा नको म्हणाल्या असत्या. मग तिसऱ्यांदा विचारल्यावर काय म्हणाल्या असत्या?”

“हो म्हणाली असती. आणि वर, शेजारणीसाठी पण बांधून द्या म्हणाली असती.”

तोकुजिरोंनी मान खाली घातली. नेहमीपेक्षा जास्त खाली, कपाळ टेबलाला टेकतंय की काय असं वाटेपर्यंत. “आता तुम्ही एवढं म्हणताच आहात तर...”

पिकेटबाईंचं पेन हवेत थांबलं. त्यांनी शिगेनोकडे पाहिलं. “हे हो आहे ना?”

“हो आहे,” शिगेनोने ताट एकदाचं खाली ठेवलं. “लिहा लवकर. नाहीतर आता तुमच्या घरच्यांची चौकशी सुरू करतील आणि संध्याकाळ होईल.”

पानगळीच्या दिवसांत चेक आला. माफीचं पत्र आलं, वर राष्ट्राध्यक्षांची सही. तोकुजिरोंनी लग्नाकार्याचा कोट घातला आणि उभ्याने ते ऐकलं. शिगेनोने वाचून दाखवलं, मध्ये एकदा थांबून तीच ओळ पुन्हा वाचली. वाचून झाल्यावर ते म्हणाले, “छान लिहिलंय,” आणि कोट काढून बागेत गेले. तिथे काहीच काम नव्हतं. बेदाणे उचलून झाले होते. अंधार पडेपर्यंत ते वेलींच्या ओळींतून नुसते चालत होते, आणि शिगेनोने त्यांना जेवायला हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र नवीनच काळजी. घेतलं म्हणजे परत काहीतरी पाठवायला हवं.

“पापा, तो आहेर नाही. भरपाई आहे.”

“घेतलं की नाही आपण?”

त्या वर्षीच्या बेदाण्यांतले टपोरे, एकसारखे निवडून त्यांनी एक पेटी भरली. आत स्वच्छ कागद, बाहेर दोरी, चार बाजूंनी सारख्या गाठी. पिकेटबाईंच्या नावाने पाठवली तर त्यांच्या नोकरीवर यायचं, म्हणून पत्त्यात ऑफिसचं नाव घातलं आणि वर लिहिलं, अमेरिकेच्या सरकारास.

पेटी परत आली. बरोबर चिठ्ठी. शिगेनोने वाचली. “आपल्या भावनेबद्दल आभारी आहोत, परंतु कर्मचाऱ्यांना भेटवस्तू स्वीकारता येत नाहीत.” तिने चिठ्ठी पुढे सरकवली. “झालं समाधान? सांगत होते मी. पोस्टाचा खर्च फुकट.”

तोकुजिरोंनी चिठ्ठी हातात घेतली, चष्मा लावला, पुन्हा वाचली. त्यांचा चेहरा असा उजळला, की शिगेनोला वाटलं उन्हात बसल्याने काही झालं.

“नको म्हणाले?”

“हो.”

“आणि आधी आभार मानले?”

“हो, पापा. म्हणजे नकोच आहे त्यांना.”

“कळतंय मला.” तोकुजिरोंनी पेटी पुढे ओढली, दोरी तपासली. एक गाठ प्रवासात सैल झाली होती. ती सोडून पुन्हा बांधायला बसले.

“आणि पुन्हा परत आली तर?”

“येणारच,” तोकुजिरो म्हणाले. “दुसऱ्यांदा लगेच ठेवून घ्यायला ते काय वेडे आहेत?”